शाळेला कुलूप लागले तर

२०२३ सालचा मार्च महिना होता. शिमगा नुकताच होऊन गेला होता. काजू पिकायला लागले होते. मंगळवारी, १४ तारखेला, आमच्या वाडीतली पोरे दप्तर घेऊन शाळेत गेली आणि अर्ध्या तासात परत आली. शाळेच्या दाराला कुलूप होते. मास्तर संपावर गेले होते.

पोरांना आनंद झाला. त्यांनी दप्तरे पडवीत टाकली आणि किनारा गाठला. आया मात्र काळजीत पडल्या. शेजारची एक बाई आमच्या खळ्यात येऊन उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, माका काजूच्या बागेत कामाक जावचा आसा. ह्या दोघांका आता खय ठेवू?"

आम्ही अडतीस वर्षे मास्तरकी केली. शेवटी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालो. पण त्या बाईला काय सांगावे, ते त्या क्षणी आम्हाला सुचले नाही. पुढच्या सात दिवसांत थोडे थोडे सुचत गेले. तेच इथे सांगणार आहोत.

आधी संप कशासाठी होता ते समजून घेऊ. कारण न कळता रागावणे बरे नाही.

नोकर म्हातारा झाला, नोकरी संपली, की सरकार त्याला दरमहा काही पैसे देते. त्याला पेन्शन म्हणतात. पूर्वीच्या रीतीने शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम पेन्शन म्हणून मिळे. शिवाय महागाई वाढली की तीही वाढे. पण १ नोव्हेंबर २००५ पासून जे राज्य सरकारच्या नोकरीत आले, त्यांना ही रीत लागू नाही. त्यांच्या पगारातून दरमहा शंभराला दहा रुपये कापतात. सरकार त्यात शंभराला चौदा रुपये घालते. हा पैसा बाजारात गुंतवतात. म्हातारपणी हाती किती येईल, ते बाजारावर ठरते. म्हणजे एकाच शाळेत दोन मास्तर शेजारी बसतात. एकाला उद्याची खात्री आहे, दुसऱ्याला नाही. म्हणून "जुनी पेन्शन द्या" अशी मागणी झाली आणि राज्यातले लाखो सरकारी नोकर संपावर गेले. त्यात शाळांचे मास्तर आणि बाई होत्या, दवाखान्यातले आणि कचेऱ्यांतले लोकही होते.

आम्ही १९८१ साली नोकरीला लागलो. आम्हाला जुनी पेन्शन मिळते. तेव्हा त्यांची मागणी बरोबर की चूक, याचा निवाडा आम्ही देऊ नये हे बरे. इतकेच सांगतो, की संपावर जाणारा मास्तर तुमच्या पोराचा वैरी नसतो. तो आपल्या पोटाची काळजी करतो, जशी तुम्ही मासळीच्या भावाची करता.

सोमवारी, २० मार्चला, संघटनांचे आणि मुख्यमंत्र्यांचे बोलणे झाले आणि संप मिटला. मंगळवारी शाळा उघडल्या. बुधवारी गुढीपाडव्याची सुट्टी आली. मधला रविवार सोडला तर शाळेचे सहा दिवस बुडाले. आता तुम्ही म्हणाल, सहा दिवसांचे एवढे काय? शिमग्याला पोरे तेवढ्या दांड्या मारतातच की!

त्याचे असे आहे. संप किती दिवस चालेल, हे पहिल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. १९७७ च्या डिसेंबरात असाच सरकारी नोकरांचा मोठा संप झाला. तेव्हा आपला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला नव्हता. मालवण तालुका रत्नागिरी जिल्ह्यात होता. दोन-चार दिवसांत मिटेल असे सगळे म्हणत होते. तो संप ५४ दिवस चालला.

आम्ही त्याच साली मॅट्रिक झालो होतो. आमचा धाकटा भाऊ चौथीत होता. आमच्या गावची शाळा बंद पडली. घरात पोर नुसते बसून काय करणार? काका त्याला रापणीवर घेऊन गेले. दोरी ओढायला माणूस लागतेच. पहिल्या दिवशी त्याला मूठभर तारली मिळाली. आईने त्याचे कौतुक केले. पुढे त्याला मोठ्या माणसांच्या निम्मा वाटा मिळू लागला. हातात चार आणे, आठ आणे खुळखुळू लागले. फेब्रुवारीत शाळा उघडली. आई म्हणाली, "जा बाबा आता शाळेत." तो म्हणाला, "आता रापणीचो हंगाम आसा. मगे जाईन." वडिलांनीही जोर केला नाही. घराला पैसा लागत होता.

तो पुन्हा शाळेत गेला नाही.

पुढे तो चांगला खलाशी झाला. वारा आणि पाणी त्याला जसे कळते, तसे आम्हाला सात जन्मांत कळणार नाही. पण बँकेत जायचे झाले, की तो आम्हाला बोलावतो. कागदावर काय लिहिले आहे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो, मग अंगठा उठवतो. आता साठीजवळ आल्यावर तो साक्षरता वर्गात येऊन बसतो आणि स्वतःचे नाव लिहितो. हे सर्व त्याला विचारूनच लिहिले आहे. तो म्हणाला, "लिव, पण माझा नाव घालू नको."

म्हणून आमचे म्हणणे असे, की शाळा बंद पडते तेव्हा बुडालेले धडे ही लहान गोष्ट आहे. धडे मागाहून भरून काढता येतात. खरी भीती ही, की शाळा उघडते तेव्हा एखादे पोर परत येत नाही. घरातल्या माणसांनी जी तयारी करायची, ती हे डोळ्यांपुढे ठेवून करायची.

करोनाच्या साथीत हे आपण पुन्हा पाहिले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. वीस महिने! पहिलीतले पोर घरी बसूनच तिसरीत गेले. फोनवर शिकवायचे तर वाडीत रेंज नाही, आणि घरात फोन एकच. तो बापाबरोबर होडीवर. त्या वीस महिन्यांत कोणती पोरे टिकली, ते आम्ही जवळून पाहिले. श्रीमंतांचीच टिकली असे नाही. ज्या घरात रोज कोणीतरी "आज काय वाचलंस?" असे विचारी, त्या घरातली टिकली. ते कोणीतरी कधी आजोबा होते, कधी सातवीतली बहीण होती.

आता संपाकडे वळू. साथ सांगून येत नाही, संप मात्र बहुधा सांगून येतो. संघटना आधी सरकारला नोटीस देतात. वर्तमानपत्रात तारीख छापून येते. २५ सप्टेंबर २०२४ ला शिक्षक सामूहिक रजेवर गेले, त्याचीही आधी गावभर चर्चा होती. पेन्शनचा प्रश्नही पुरता मिटलेला नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने निवृत्तिवेतनाची आणखी एक योजना मान्य केली, तरी पुष्कळ नोकरांना जुनीच पेन्शन हवी आहे. तेव्हा पुन्हा कुलूप लागणार नाही असे कोणी सांगू शकत नाही.

तारीख कळली, की शाळेत जाऊन मास्तरांनाच विचारावे. भांडायला जाऊ नये, विचारायला जावे. शाळा कोणत्या दिवशी बंद? सगळेच मास्तर संपावर आहेत की कोणी येणार आहे? पोराचे कुठे अडते? घरी काय करून घ्यावे? मास्तर हे आनंदाने सांगतात. त्यांचा फोन नंबर कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. काही शाळांत पुस्तके आणि वह्या शाळेच्या कपाटातच ठेवतात. त्या आदल्या दिवशी घरी आणाव्या. ही गोष्ट छोटी वाटते. पण २०२३ साली आमच्या वाडीतल्या पाच पोरांची पुस्तके कुलपाच्या आत राहिली आणि ती पोरे सात दिवस बाहेर.

दुसरी गोष्ट पोटाची. शाळेत दुपारी पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीच्या पोरामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, सहावी ते आठवीच्या पोरामागे १५० ग्रॅम. वर डाळ आणि भाजी. शाळा बंद पडली की ती चूलही थंड. जी आई सकाळी सातला कामाला जाते, तिचे पोर चहाबरोबर बटर खाऊन शाळेच्या जेवणावर अवलंबून असते. तेव्हा त्या दिवसांत सकाळी पेज जरा जास्त टाकावी आणि दुपारचे काय ते आदल्या रात्रीच ठरवावे. भुकेले पोर अभ्यासाला बसत नाही. ते बोंडू खाते आणि पोट बिघडवून घेते.

तिसरी गोष्ट जिवाची. आपला मुलूख समुद्राचा, खाडीचा आणि उघड्या विहिरींचा. शाळेच्या वेळात पोर कुठे आहे हे आईबापांना ठाऊक असते. शाळा बंद, की ठाऊक नसते. ओहोटीला खाडीत कालवे काढायला गेलेली पोरे भरती चढली तरी भानावर येत नाहीत. काजूच्या हंगामात पोरे बिया भाजायला बसतात. काजूबीच्या सालीत तेल असते. ते उडाले तर कातडी भाजून निघते, डोळ्यात गेले तर फारच वाईट. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी पाळी लावावी. आज एका घरच्या बाईने घरी राहायचे, उद्या दुसरीने. एक दिवसाची मजुरी बुडते खरी, पण उरलेल्या दिवसांची वाचते. शेजारच्या बाईला आम्ही शेवटी हेच सांगितले. ती आणि आणखी तिघी मिळून त्यांनी पाळी लावली. पहिल्या दिवशी कोणाची पाळी यावरून जरा वाजले. पण निभावले.

आता अभ्यासाचे. "आम्हीच आत्ता अक्षर शिकलो, आम्ही पोराला काय शिकवणार?" असे पुष्कळ जण म्हणतात. शिकवायचे नाहीच मुळी. शाळेच्या वेळेला पोराने पुस्तक घेऊन बसायचे, एवढे बघायचे. तासभर बसले तरी पुष्कळ झाले. त्याने मोठ्याने वाचावे, तुम्ही ऐकावे. मग तुम्ही तुमच्या वर्गातले पुस्तक वाचावे आणि त्याने ऐकावे. तुम्ही अडलात तर त्याला फार मजा वाटते. तो तुमची चूक काढतो. काढू द्यावी. चूक काढण्यासाठी त्याला अक्षराकडे नीट बघावेच लागते.

वाचायला पुस्तकच पाहिजे असेही नाही. एसटीची पाटी आहे, विजेचे बिल आहे, रेशनकार्ड आहे. औषधाच्या पाकिटावर तारीख असते. ती पोराकडून वाचून घ्यावी. बाजारात पाठवताना यादी त्यालाच लिहायला लावावी.

आणि हिशेब तर आपल्याकडे दारात आहे. आमच्या भावाने त्या सात दिवसांत पोरांना एक हिशेब शिकवला. तो आम्ही अडतीस वर्षांत शिकवला नव्हता. जुने खलाशी तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमाराला पुरी भरती. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला. हा अदमास आहे, थोडे मागेपुढे होते. पण पोरांनी कॅलेंडरवर तिथी बघितली, वहीत वेळ मांडली आणि धावत किनाऱ्यावर जाऊन पाणी बघितले. ज्या पोरांना पाऊणकीचे नाव माहीत नव्हते, ती तीन दिवसांत पाऊणकी म्हणू लागली. खरे सांगायचे तर आम्हाला भावाचा थोडा हेवा वाटला.

ही पोरे आमच्या खळ्यात जमत. पहिल्या दिवशी सहा होती, चौथ्या दिवशी एकवीस झाली. त्यावरून एक गोष्ट घडली, तीही सांगितली पाहिजे. गावच्या शाळेतले एक तरुण मास्तर आम्हाला एसटीच्या थांब्यावर भेटले. ते ओरोसला मोर्चाला निघाले होते. ते नमस्कार करून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आमचा संप फोडताय का?"

आम्हाला ते लागले. कारण नोकरीत असताना आम्हीही संपात उतरलो होतो. आम्ही म्हणालो, "हजेरी घेत नाही. पुढचा धडा शिकवत नाही. शाळेची किल्ली मागितली नाही आणि कोणी दिली तरी घेणार नाही. पोरे समुद्रावर जातात, ती खळ्यात बसवतो. झालेले विसरू नयेत, एवढेच बघतो." ते काही बोलले नाहीत. गाडी आली, ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका पोराच्या हातून कागद पाठवला. कोणाला जोडाक्षरे येत नाहीत, कोणाची हातच्याची वजाबाकी चुकते, सगळे नावानिशी लिहिले होते. खाली सही नव्हती.

गावात कोणी सेवानिवृत्त माणूस असेल, कॉलेजात जाणारी मुलगी असेल, तर त्यांना असे काम सांगावे. पण आमच्यासारखी मर्यादा आधी ठरवून घ्यावी. नाहीतर संप मिटतो आणि गावातली अढी मागे राहते.

दहावी-बारावीच्या पोरांचे वेगळे आहे. २०२३ चा संप ऐन परीक्षांत आला. दहावीची परीक्षा २ मार्चला सुरू झाली होती आणि २५ मार्चपर्यंत होती. अशा वेळी "पेपर रद्द झाला" अशी आवई उठते. कोणाच्या तरी फोनवर काहीतरी येते आणि गावभर होते. त्यावर विश्वास ठेवू नये. त्या वर्षी पेपर वेळापत्रकाप्रमाणे झाले. बोर्डाने स्वतः जाहीर केल्याशिवाय पेपर रद्द होत नाही. पोराने हॉलतिकीट घेऊन केंद्रावर वेळेत जावेच. एसटी वेळेवर येईल की नाही याची शंका असेल, तर गावातल्या रिक्षावाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे.

मोठ्या मुलांना या दिवसांत काम मिळते. कोणी काजू गोळा करायला बोलावतो, कोणी होडीवर. मालवण आणि तारकर्लीकडे पाहुण्यांच्या मागे धावपळ करायला पोरे लागतात. घरच्या कामाला हात लावला तर आमचे काही म्हणणे नाही. आपली पोरे लहानपणापासून कामात असतात, म्हणून तर ती धट्टीकट्टी आहेत. पण रोजाने लावू नये. पोराच्या हातात एकदा रोजचा पैसा आला, की तो सोडवणे कठीण. आमच्या घरात काय झाले ते वर सांगितलेच आहे. मुलींचे निराळे होते. त्यांना पैसा मिळत नाही. त्यांच्या कडेवर धाकटे भावंड येते. शाळा उघडली तरी ते कडेवरून उतरत नाही.

संप मिटला, की बुडालेल्या दिवसांचा हिशेब मागावा. तो तुमचा हक्क आहे. शिक्षणाच्या कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारातले तीन सभासद आईबाप असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. बाया सभेला जातात, सही करतात आणि गप्प बसतात, असे आम्ही हेडमास्तर असताना पाहिले. त्यात आमचीही चूक होती. आम्ही कागद पुढे करत होतो, वाचून दाखवत नव्हतो. आता तुम्हाला वाचता येते. ठराव वाचल्याशिवाय सही करू नये. सभेत उठून विचारावे, "बुडालेले दिवस कसे भरणार? रोज अर्धा तास जास्त शाळा घेणार, की सुट्टीच्या दिवशी?" मास्तरही माणसे आहेत. नीट विचारले तर वाट काढतात.

आणि शाळा उघडली, की पहिल्याच दिवशी पोराला पाठवावे. पाडवा झाल्यावर जाईल, सोमवारपासून जाईल, असे म्हणू नये.

मंगळवारी, २१ मार्चला, आम्ही मुद्दाम शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिलो. खळ्यात येणाऱ्या एकवीस पोरांपैकी वीस आली. तिसरीतली एक मुलगी आली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो. आई काजूच्या कारखान्यात गेली होती. मुलगी पडवीत बसली होती आणि दीड वर्षाचा भाऊ तिच्या मांडीवर झोपला होता. "शाळेत का नाय गेलंस?" असे विचारले. ती म्हणाली, "आवशीन सांगल्यान, अजून दोन दिवस ऱ्हव."

संध्याकाळी आम्ही तिच्या आईशी बोललो. भावाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "गुरुजी, मिया काय मुद्दाम ठेवलंय? पोराक कोण बघतला?" तिचेही खरे होते. मग आमच्या घरातून विचार झाला आणि शेजारच्या म्हातारीने दुपारपर्यंत पोर सांभाळायचे कबूल केले. बदल्यात तिला आठवड्यातून दोनदा मासळी द्यायची ठरली. बुधवारी पाडवा झाला. गुरुवारी ती मुलगी दप्तर घेऊन आमच्या खळ्यावरून शाळेत गेली. म्हातारीच्या कडेवरचे पोर तिच्यामागे रडत होते. दोन-चार दिवस रडले, मग राहिले.